उंबऱ्यावरचं बोट

माझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगायची तर माझ्या कानांपासून सुरुवात करावी लागेल, कारण त्या कानांचा मला फार गर्व होता. जळगावच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये बोर्डवर बसून माझी विशी गेली, तिशी गेली, चाळिशीचा चष्मासुद्धा तिथेच लागला. नुसत्या ‘हॅलो’वरून मी सांगायची, हा केळीचा व्यापारी, हा कोर्टातला कारकून, आणि हा नवरा बायकोपासून लपून बोलतोय. आवाजात मला कोणी फसवून दाखवावं, असं मी चारचौघींत म्हणायची. त्यावर आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "बरोबर आहे. आवाजातच तेवढं कोणी फसवलेलं नाही."

तर मला फसवलं ते आवाजातच. आणि फसवणारे दोघं माझ्या ओळखीचे. तिसरा कोण होता ते मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. माझ्या कानात घंटी वाजायला लागली. ड्यूटी संपवून घरी यावं, भात लावावा, आणि कानात ‘टिर्र’. मी कुकरच्या शिट्टीला "बोला, कुठला नंबर?" म्हणून मोकळी. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, म्हणाले, कान ठणठणीत आहेत, घंटी डोक्यात आहे. ह्यांना तर आनंदच झाला. मग माझ्या भावानं, मोतीलालनं, पंडित सरांचं नाव काढलं.

पंडित सर म्हणजे मोतीलालचे शाळेतले दोस्त. जळगावला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत गावोगाव संमोहनाचे प्रयोग करायचे. त्यांचा एक प्रयोग मी पाहिला होता. धुळ्याचा एक जाडजूड व्यापारी स्टेजवर कच्चा कांदा सफरचंद म्हणून खात होता, आणि वर म्हणत होता, काश्मीरचं आहे. मी ह्यांना म्हटलं, कारल्याचं जमतं का विचारा. ह्यांनी विचारलं नाही.

सरांची खोली पहिल्या मजल्यावर होती. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारलेलं. खोलीत तो गार, ओला वास. वर पंखा, आणि सरांचा आवाज. त्या आवाजाचं काय सांगू! ट्रंक कॉलवर असा आवाज आला असता तर वेळ संपली तरी माझ्या हातानं जोडणीची कॉर्ड निघाली नसती.

"ताई, ही झोप नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सगळं ऐकू येईल. फक्त तुमचं लक्ष एका ठिकाणी गोळा होईल. याचा उपयोग आहे. दात काढताना दुखणं कमी होतं, भीती जाते, तोतरेपणा जातो. पण चमत्कार नाही. मेलेलं माणूस बोलत नाही, हरवलेली म्हैस सापडत नाही. आणि एक लक्षात ठेवा, मनाविरुद्ध मी तुमच्याकडून काही करवून घेऊ शकत नाही. कोणीच घेऊ शकत नाही."

"मग आमच्या ह्यांना तुमचा उपयोग नाही," मी म्हटलं.

ते हसले. भला माणूस वाटला. आणि सांगते, कानातली घंटी गेली. चारसहा बैठकांत हळूहळू लांब गेली, एखादी बैलगाडी गावाबाहेर जाते तशी, आणि मग नाहीच. त्या दिवसापासून पंडित सरांनी मला तापीत उडी मार म्हटलं असतं तरी मी चप्पल काढून तयार राहिले असते.

हे मी सहज म्हणून गेले. तापीचं.

आता बेबीचं सांगते. बेबी माझी धाकटी बहीण. शिरपूरजवळ आमचं गाव, तिथली शेतीवाडी मोतीलाल बघतो. मला जळगावात दिली, बेबीला पहूरला. नवरा मारतो असं ती कधी म्हणाली नाही. फक्त मे महिन्याच्या उन्हातही मनगटापर्यंत लांब बाह्यांचं पोलकं घालायची. एक दिवस अचानक माझ्या दारात आली, हातात कापडी पिशवी. रात्रभर माझ्याजवळ झोपली, बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला स्टँडवर सोडलं. गाडी लागली होती. पाटी मी वाचली होती, आईशप्पथ वाचली होती, पण कुठली ते नंतर कधी आठवलंच नाही. पोलीस विचारून थकले. मला एवढंच आठवत होतं की गाडी हलली, खिडकीतून तिचा हात बाहेर आला, आणि ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "अक्का, आईले सांग, मी अखाजीले येसू."

येसू म्हणजे येईन. आणि अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात तो लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस खातात. पण त्याच दिवशी सकाळी घरातल्या मेलेल्यांची घागर भरतात. पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर छोटा तांब्या, जवळ डांगर, म्हणजे खरबूज. मग घरातला कर्ता पुरुष उंबऱ्याशी बसतो, एकेका पितराचं नाव घेतो आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट लावतो. नाव घेतलं, बोट लागलं, की त्या माणसाचं पाणी पोचलं. जिवंत माणसाच्या नावानं तसं बोट लावायचं नसतं. का, ते कोणी सांगत नाही. फक्त लावायचं नसतं.

बेबी त्या अखाजीला आली नाही. पुढच्याही नाही. पहूरच्या जावयानं वर्षाच्या आत दुसरी केली. भाऊबंद आईला म्हणायचे, ताईबाई, आता तिची घागर भरून टाक, मोकळं कर तिला. आई एकच म्हणायची, "ती येसू म्हनेल शे." आणि अखाजीच्या दुपारी बेबीच्या वाटच्या सांजोऱ्या झाकून दारात बसायची.

तशी बसत बसतच ती एका हिवाळ्यात गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, सत्त्याऐंशी साल असेल, मोतीलाल माझ्याकडे आला. खांद्यावर पोतं, पोत्यात तापीच्या वाळूतली डांगरं. म्हणाला, "अक्का, आई वाट बघत गेली. निदान आपण तरी बेबीचा ठाव लावू. ती पाटी तुझ्या डोक्यात आहेच ना? पंडित सर काढून देतील." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आता वाटतं, तंबाखूचं असेल. तेव्हा मी रडले. एवढा आडदांड भाऊ, पण बहिणीसाठी तुटतो, म्हटलं.

तोच वाळ्याचा पडदा, तोच पंखा. मोतीलाल कोपऱ्यात स्टुलावर. सर मला स्टँडवर घेऊन गेले. खरंच गेले. रसवंतीचे घुंगरू वाजत होते, डिझेलचा वास येत होता, बेबीच्या पिशवीचा एक बंद तुटलेला होता, तोही दिसला. पाटी मात्र कोरी. पांढरी, चुना मारल्यासारखी. सर काहीतरी विचारत होते, मी उत्तरं देत होते, ते सगळं मला पुढे धूसर झालं. आणि मग माझ्या डाव्या कानाशी, जिथे हेडफोन असतो तिथे, बेबी बोलली.

"अक्का, मी तापीमायजोडे जास. कोनले सांगू नको."

मी तापीमायजवळ जाते. कोणाला सांगू नको.

तिचाच आवाज. वाक्याच्या शेवटी थोडा बसणारा, गळ्यात काहीतरी अडकल्यासारखा. हजार आवाजांत मी तो ओळखला असता. मी जागी झाले ती ओरडतच. "ती सांगून गेली होती... मला सांगून गेली होती..."

मोतीलालनं मला धरलं. पाठीवर हात फिरवत म्हणाला, "रडू नको अक्का. कळलं तरी."

त्यानंतरचे आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. बहीण जीव द्यायला जाते असं सांगून गेली, आणि मी काय केलं? ड्यूटीला उशीर होतो म्हणून रिक्षा केली आणि बोर्डवर जाऊन बसले! लोकांचे बारशाचे, लग्नाचे निरोप जोडत बसले. ताट पुढे आलं की मला नदीचा वास यायचा. ह्यांनीसुद्धा त्या दिवसांत माझी एकदाही चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

मोतीलालनं सगळ्या भाऊबंदांना सांगितलं, अक्कानं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. माझ्या कानांवर गावाचाही भरवसा. ठरलं, या अखाजीला बेबीची घागर भरायची. मी आदल्या दिवशीच यायचं कबूल केलं.

पण आदल्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. माझ्या शेजारच्या बोर्डवरच्या बाईची लेक सासरहून यायची होती, तिनं गळ घातली, मी ड्यूटी बदलून दिली. तसं गावी कळवायला काही साधन नव्हतं. म्हणजे साधन होतं, मीच त्या साधनावर बसले होते, पण गावात फोन कुठे?

दुपारी शिरपूरहून एक कॉल आला. जळगावचा नंबर मागितला, तो पंडित सरांचा. मी जोडून दिला. आता आमच्या कामाची पद्धत सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई चोरून ऐकते. कॉल जोडला की दोन्हीकडचं बोलणं नीट सुरू झालं का, ते ऑपरेटरनं क्षणभर ऐकायचं असतं. मग बोर्डवरचा खटका, त्याला आम्ही की म्हणतो, तो वर करून बाहेर पडायचं. मी क्षणभर ऐकलं.

"सर, मोतीलाल बोलतो, आडत दुकानातून."

माझा हात कीवर तसाच राहिला.

"अक्का आज निघाली असेल जळगावहून. ती फिरणार तर नाही ना ऐन वेळी? सोयऱ्यांना शब्द दिलाय मी."

"फिरणार नाही." सरांचा तोच गार, ओला आवाज. "पण मोतीलाल, एवढं घट्ट बसेल असं मला वाटलं नव्हतं हो. मी आपलं तुम्ही सांगितलं तसं नदीचंच विचारत राहिलो. तीनदा नाही म्हणाल्या. चौथ्यांदा हो म्हणाल्या. माणसाचं मन फिल्म नसतं ना, रिकामी जागा दिसली की भरून टाकतं. हे मी पुन्हा कोणासाठी करणार नाही."

"पुन्हा कशाला लागतंय?" मोतीलाल हसला. "उद्या घागर भरली की विषय संपला. अक्का बिचारी भोळी."

खोलीत दहाबारा बोर्ड, बायकांचा गलका, वर पंख्यांची घरघर. मला त्यातलं काही ऐकू येईना. कान एकदम स्वच्छ झाले होते. घड्याळाकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून, सवयीनं, अगदी सरकारी आवाजात निघालं,

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

नुसती वायर वाजत होती.

"...अक्का?" मोतीलाल म्हणाला.

आणि फोन ठेवून दिला. सरांनी नाही ठेवला. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"सर," मी म्हटलं, "मनाविरुद्ध काही करवून घेता येत नाही म्हणाला होतात."

"ताई... मी फक्त विचारलं. तुमच्या तोंडात शब्द घातले नाहीत."

"तापी घातलीत ना."

"तापी मी घातली," ते हळूच म्हणाले. "तेवढी चूक माझी. पण बाकीचं..."

"आणि ‘कोणाला सांगू नको’? ते पण मोतीलालनंच सांगितलं होतं का?"

त्यांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"ते मला कुठं ठाऊक होतं, ताई? ते तुम्ही बोललात. आवाज बदलून. त्या वेळी मीसुद्धा... जरा घाबरलो होतो."

मी कॉर्ड ओढून काढली.

तुम्हाला वाटेल मला भावाचा राग आला असेल. आला. पण त्याच्याही आधी सुटल्यासारखं झालं. म्हणजे बेबी तसं काही बोललीच नव्हती! म्हणजे ती कुठेतरी असेल. भाकरी थापत असेल, कोणाशी तरी भांडत असेल. आणि उद्या सकाळी माझा भाऊ माझ्या शब्दावर तिच्या नावाचं बोट उंबऱ्यावर लावणार होता. ते थांबवायचं होतं. एवढंच डोक्यात होतं.

ड्यूटी संपली तोवर शिरपूरची थेट गाडी गेलेली. धुळ्याला नणंदेकडे मुक्काम केला, सकाळी पहिली गाडी पकडली. गाडी सासुरवाशिणींनी भरलेली. नव्या बांगड्या, मेंदीचे हात, कडेवरची पोरं, सगळ्या एकमेकींना विचारत होत्या, कुठलं माहेर गं तुझं? पुलावर गाडी आली तशा दोघीतिघींनी खिडकीतून तापीला हात जोडले. मी खाली बघितलं नाही. खाली पाणी ते केवढं, वैशाखात नुसती वाळू आणि मधून एक चकाकणारी रेघ. तरी बघितलं नाही. नाकात मात्र वास आला. ओल्या वाळ्याचा.

वाटेत टायर फुटला. गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन चटचटत होतं. धावत गेले, म्हणजे माझ्या अंगाला जेवढं धावता येतं तेवढं. दारात पोचले तर मोतीलाल उंबऱ्याशी बसून उजव्या हाताचं बोट धोतराला पुसत होता.

उंबऱ्यावर बोटांची ओळ होती. आजा, आजी, आमचे वडील आबा, चुलते, मग आईचं, आणि आईच्या शेजारी अगदी चिकटून एक ओलं, ताजं.

"पुस ते," मी म्हटलं. "मी काल सगळं ऐकलंय. पुस."

तो उठला. घाबरला असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. थकलेला दिसत होता.

"अक्का, ज्योतीचं लग्न ठरतंय," तो म्हणाला. ज्योती त्याची मोठी पोर. "सोयरा विचारतो, तुमची एक बहीण कुठं असते? काय सांगू? घर सोडून पळाली सांगू? मरेल बहीन चालस, अक्का. पळेल बहीन चालत नही." मेलेली बहीण चालते, पळालेली चालत नाही.

"म्हणून मारलीस?"

"मी?" तो माझ्याकडे बघत राहिला. "मी नदीचं इचारायला लावलं. बोलनी तू."

आणि टोपी घालून पारावर पत्ते खेळायला निघून गेला. अखाजीला आमच्याकडे पुरुष पत्ते खेळतात, तसा रिवाज आहे. भावजय चंद्रकला पडवीतून सगळं ऐकत होती. तिनं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, म्हणाली, "अक्का, जेवून घ्या," आणि माझ्याकडे न बघता पोरीला घेऊन झोक्याकडे गेली. तीही लेकीची आईच की. कोणाला काय म्हणू?

घर रिकामं झालं.

तुम्ही खान्देशातली भरदुपार पाहिली नसेल तर तुम्हाला रात्रीची भीती वाटत असेल. रात्री कुत्री भुंकतात, कोणी खोकतं, कोणाचा रेडिओ चालू असतो. भरदुपारी काही नसतं. गल्लीत माणूस नाही, कावळा नाही, सावल्यासुद्धा भिंतीच्या पोटात शिरलेल्या. उजेड इतका की डोळ्यांना काळं दिसायला लागतं. लांबून झोक्यावरच्या पोरींची गाणी येत होती, मध्येच वारा पडला की तीही तुटायची. समोरच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत, म्हातारी भिकूमाय सुक्या मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. ‘टक्’... मग थोड्या वेळानं ‘टक्’. घरात गूळ-तुपाचा वास, पिकलेल्या डांगराचा वास, आणि उंबऱ्याच्या आतच, गव्हाच्या राशीवर ती घागर. तिच्यावर तांब्या. काठोकाठ.

मी उंबऱ्याशी बसले. पदराचं टोक पेल्यात भिजवलं. बाकीची बोटं उन्हानं सुकून कोळपली होती. बेबीचं अजून ओलं होतं. पुसायला हात नेला, आणि थांबला.

पुसलं आणि ती खरंच तापीत असेल तर? तर मी तिचं पाणी तोडलं. नाही पुसलं आणि ती जिवंत असेल, तर तिला दुसऱ्यांदा मारलं. कालपर्यंत माझ्या डोक्यात एक खोटं वाक्य होतं. आता ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि तरी ते वाक्य मला ऐकू येतच होतं, तिच्या आवाजात, डाव्या कानाशी. खोटं आहे हे कळल्यानं आवाज जात नाही हो. पंडित सरांनी ते नव्हतं सांगितलं.

समोरची ‘टक्’ थांबली.

उंबऱ्यावर सावली पडली.

"अक्का... पानी दे."

मी वर पाहिलं. दारात बाई उभी होती. ऊन तिच्या पाठीशी, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता काळा अंधार, आणि कडेनं पांढरा जाळ. डोक्यावरून पदर. खांद्याला पिशवी.

"बेबी?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तिनं हात पुढे केला. मनगटापर्यंत बाही. ती बाही हाताला चिकटून बसली होती. घामानं असेल, मी मनाशी म्हटलं. एवढं ऊन आहे, घामानंच.

मला इतका आनंद झाला, काय सांगू! आली गं बाई, अखाजीला येईन म्हणाली होती, आली! पेल्यात माझा पदर बुडवलेला, माठ आत स्वयंपाकघरात. माझा हात आपोआप मागे गेला आणि घागरीवरचा तांब्या उचलून मी तिच्या हातात दिला. दिल्यावर कळलं, काय दिलं ते.

ती प्यायली. पिण्याचा आवाज येत नव्हता. सगळा तांब्या प्यायली.

"आत ये ना गं," मी म्हटलं. "उन्हात काय उभी..."

"कशी येऊ?" अगदी हळू. वाक्याच्या शेवटी तोच बसणारा गळा. "मन्हं बोट लायेल शे ना."

माझं बोट लावलंय ना.

"पुसते... आत्ता पुसते. मोतीलालनं लावलं, मी नाही... मला फसवलं गं त्यांनी..."

तिनं तांब्या परत केला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. वैशाखातल्या दुपारी, भर उन्हातून आलेल्या माणसाची बोटं अशी नसतात.

"अक्का," ती म्हणाली, "कोनले सांगू नको म्हनेल व्हतं ना मी तुले..."

मी पदरानं ते बोट घासलं. दोनदा, तीनदा. मान वर केली तेव्हा दारात ऊन होतं. नुसतं ऊन.

आता तुम्ही म्हणाल तेच मीही स्वतःला म्हटलं. रात्रभर झोप नाही, सकाळपासून पोटात अन्न नाही, डोक्यावर ऊन. शिवाय कोणीतरी आधीच डोक्यात वाट पाडून ठेवलेली, त्या वाटेनं काहीही चालत येतं. कच्चा कांदा गोड लागतो. मला एक बहीण दिसली. मी उंबऱ्याकडे पाहिलं, बोट गेलं नव्हतं, नुसतं पसरलं होतं. मग हातातल्या तांब्यात पाहिलं. रिकामा. सांडला असेल माझ्याच हातून, म्हटलं. खालची जमीन कोरडी होती. उन्हानं सुकली असेल, म्हटलं. तांब्या पालथा करायला गेले, आणि तळाशी काहीतरी करकरलं.

वाळू. चिमूटभर, बारीक, ओली, मध्ये अभ्रकाचे कण चमकणारी.

चंद्रकलानं घागरीचं पाणी हापशावरून आणून दुहेरी फडक्यानं गाळलं होतं. मी नंतर तिला विचारलं, तिनं ते फडकंही दाखवलं.

पण ते नंतर. तेव्हा मी तांब्या तसाच हातात धरून, अनवाणी, तापलेल्या गल्लीतून समोरच्या ओट्यापाशी गेले. भिकूमाय पुन्हा मिरच्या खुडत होती. ‘टक्’... ‘टक्’.

"भिकूमाय," मी म्हटलं, "आत्ता आमच्या दारात कोणी... कोणी आलं होतं का गं?"

"उन्थी ना," ती मान वर न करता म्हणाली. "पानी पिदं नि गयी." आली होती ना, पाणी प्यायली नि गेली.

माझे पाय भाजत होते, ते मला कळतही नव्हतं.

"कोन... कोन व्हती?"

भिकूमायनं आणखी एक मिरची उचलली, देठ खुडला, सुपात टाकली.

"माले काय इचारस, माय? घागर तर तुम्हीच भरी ना."